कोळजाईचा उजवा कौल

दगडावरच्या चकतीची कड यंदाही सरकली नव्हती.

शाल्मली पोतनीसनं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि श्वास धरून पाहिलं. करड्या-हिरव्या दगडफुलाची ती चकती लहान मुलीच्या बांगडीएवढी होती. निरोगी दगडफूल वर्षाला तांदळाच्या दाण्याच्या रुंदीइतकं तरी पसरतं. हिची झालर तपकिरी पडली होती आणि एका जागी पापुद्रा दगडापासून सुटून वर आला होता. तिनं चिमट्यानं तो हलकेच दाबला, तर त्याचा चुरा होऊन तिच्या नखावर पडला. तिनं नख नाकाशी नेलं. दगडफुलाला ओल्या मातीचा, थोडा लाकडाचा असा एक वास असतो. चुऱ्याला कसलाच वास नव्हता.

तो दगड साधा नव्हता. तो कोळजाईचा तांदळा होता, म्हणजे नाकडोळे न कोरलेली, जमिनीतून आली तशीच उभी असलेली देवी. सह्याद्रीची धार जिथं एकदम तुटून कोकणात उतरते, तिथं कड्यालगत भेकरवाडीची देवराई होती आणि देवराईच्या मधोमध ही देवी. तिला शेंदूर लावत नसत. अंगावर उगवेल तेच तिचं लुगडं, असं वाडीत मानत. म्हणूनच शाल्मलीला तिच्यावरचं दगडफूल मोजायला परवानगी मिळाली होती. नुसतं बघायचं, हात लावायचा नाही, एवढीच अट होती. आज तिनं हात लावला होता.

ती अवघडल्या गुडघ्यांनी उठली आणि दगडाला वळसा घालून पलीकडे गेली. अकरा वर्षं ती देवीच्या डाव्या अंगालाच बसत आली होती, कारण मोजायची चकती तिथं होती. उजव्या अंगाला मोजण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिकडे ती कधी बसलीच नव्हती. आता कलत्या दुपारचं ऊन त्या बाजूवर पडलं होतं. दगड घासलेल्या भांड्यासारखा नितळ दिसत होता. ती बाजू पश्चिमेला, कड्याकडे होती. धुकं तिकडूनच येई.

खाली खाडीकाठी वीस वर्षांपूर्वी धातू वितळवणाऱ्या भट्ट्या उभ्या राहिल्या होत्या. साऱ्या जगाच्या बॅटऱ्यांना तांबं आणि निकेल हवं होतं. चिमण्यांतून निघणारा गंधकाचा आणि नायट्रोजनचा वायू हवेतल्या ओलाव्यात विरघळला की त्याचं आम्ल होतं. पावसाच्या मोठ्या थेंबात ते पातळ होऊन जातं. धुक्याचा थेंब इवलासा असतो, त्यामुळे त्यात पाणी कमी आणि आम्ल जास्त. शिवाय पाऊस वाहून जातो, धुकं पानांना तासन् तास चिकटून राहतं. भेकरवाडीच्या धुक्याचा सामू, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा, काही सकाळी लिंबाच्या सरबताइतका खाली उतरे.

अशा धुक्यानं झाड लगेच मरत नाही. आम्ल आधी मातीतलं कॅल्शियम धुऊन नेतं. मग मातीत एरवी निपचित पडलेलं अ‍ॅल्युमिनियम सुटं होतं आणि मुळांची कोवळी टोकं जाळतं. पायाशी पाणी असूनही झाड तहानेलं राहतं आणि शेंड्याकडून वाळू लागतं. यावर शाल्मली आणि तिचा नवरा कौस्तुभ यांनी पुण्याच्या प्रयोगशाळेत उपाय शोधला होता. जंगलातल्या बहुतेक झाडांच्या मुळांना बुरशीची साथ असतेच. त्यातल्या एका जातीच्या जनुकांत त्यांनी दोन बदल केले. तिचे धागे अ‍ॅल्युमिनियम स्वतःत कोंडून ठेवत आणि आसपासच्या मातीतलं कॅल्शियम कण न् कण वेचून झाडाला देत. कागदोपत्री तिला अक्षरं-आकड्यांचं नाव होतं. शाल्मली तिला ‘सोबत’ म्हणे, आणि पुढे पोत्यांवर तेच छापलं गेलं. बदललेली बुरशी मोकाट सुटू नये म्हणून ती एका वर्षात मरेल अशीच घडवली होती. दर वर्षी पावसाळा सरला की बुंध्यांभोवती तिची भुकटी नव्यानं पेरावी लागे.

पहिला प्रयोग भेकरवाडीच्या देवराईत झाला. वाळू लागलेली जांभूळ, अंजनी आणि हिरड्याची झाडं तीन वर्षांत पुन्हा पानांनी भरली. शाल्मली दोन वर्षांसाठी म्हणून वर आली होती, ती राहूनच गेली.

चार दिवसांनी यंदाचा कौल होता.

देवराईतलं पानही देवीला विचारल्याशिवाय तोडत नसत, मग मातीत काही पेरणं दूरच. रावजी गुरव ताम्हनातल्या पाण्यात झेंडूच्या दोन पाकळ्या भिजवी आणि एक देवीच्या उजव्या अंगाला, एक डाव्या अंगाला चिकटवून गाऱ्हाणं घाली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सोबतीला देवीनं दर वर्षी होकार दिला होता. पुण्याच्या ऑफिसात कौस्तुभ ही गोष्ट रंगवून सांगे. नियामक मंडळापेक्षा देवी बरी, म्हणे, एका पाकळीत काम होतं.

संध्याकाळी सुगंधा, रावजीची सून, वाटीभर काळा मसाला घेऊन स्टेशनवर आली. स्टेशन म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या, एकीत उपकरणं आणि दुसरीत शाल्मली. सुगंधा नेहमीसारखी उंबऱ्यावरच टेकली आणि नेहमीसारखी बोलत राहिली. शाल्मलीचा तिच्या येण्यावर जीव होता. आठवड्यात दुसरं कुणी येत नसे.

मसाला हुंगून शाल्मलीनं विचारलं, यात दगडफूल कुठलं?

“बाजारचं. कुठल्या मुलखातलं, देव जाणे,” सुगंधा म्हणाली. “आधी बांधावरच्या आंब्या-फणसावर मिळायचं, टोपलंभर. सासूबाई म्हणायच्या, आपल्या रानाचं दगडफूल नसलं तर मसाला नुसता तिखट. झाडं तर तुमी हिरवी ठेवली, बाई. मग दगडफूल का येत न्हाई?”

शाल्मलीनं सांगितलं की दगडफुलाला मुळं नसतात. ते सगळं हवेतूनच घेतं. सोबत मातीत असते, ती त्याला काय उपयोगाची?

“म्हंजे त्याला सोबत न्हाईच,” सुगंधा म्हणाली, आणि मग तिच्याकडे बघून हसली. “तुमच्यासारखंच की. तुमी हितं झाडं सांभाळताय आनि तुमचा माणूस तिकडं डबा खातोय.”

शाल्मलीही हसली. कौलाचा दिवस जवळ आला, तयारी झाली का, असं तिनं विचारलं.

“तयारी कसली? उजवाच पडणार. देवी तुमच्यावर खूश हाय. आधी लई भांडखोर हुती ती. माझ्या लग्नाला तीन दिवस डावाच देत हुती. मामंजी रडकुंडीला आले. आताशा मात्र काय बी विचारा, उजवा. आमच्या धाकट्याच्या मोटारसायकलीलासुद्धा उजवा.”

सुगंधा गेल्यावर शाल्मली बराच वेळ वाटी हातात धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वाडीची माणसं शेतात गेल्यावर, ती तांब्याभर पाणी आणि एक झेंडूचं फूल घेऊन देवराईत गेली. तिनं चपला बाहेर काढल्या. दोन पाकळ्या भिजवल्या, रावजी लावतो तितक्याच उंचीवर दोन्ही अंगांना लावल्या आणि मागे सरून उभी राहिली. उजवी पडली. तिनं पुन्हा लावल्या, उजवी पडली. मग तिनं पाकळ्यांची अदलाबदल केली, पाणी कमी केलं, जास्त केलं. फूल संपेपर्यंत उजवीच पडत राहिली.

डाव्या अंगाला अजून थोडं दगडफूल आणि शेवाळ होतं. ती खरबरीत बाजू पाणी धरून ठेवी आणि पाकळीही. उजवी बाजू आम्लानं सोलून निघाली होती. तिथलं पाणी चटकन ओघळून जाई आणि पाकळी सुटे. इतकी वर्षं जो होकार मिळत होता, तो धुक्याचा होता.

ती हसली. देवराईत एकटीचं हसणं तिला परकं वाटलं आणि ती थांबली. दूर कुठं सुतारपक्षी लाकूड ठोकत होता. एरवी रानात एवढी शांतता नसते. आधी पाचोळ्यात गोगलगाई असत, त्यांना उलथून खाणारे पक्षी असत, कुजणाऱ्या ओंडक्याखाली बेडूक असत. आता वर गच्च हिरवं आणि खाली काही नाही.

आणि रोपं नव्हती. ही गोष्ट मात्र तिला आज कळली नव्हती. जांभळं पडत, रुजत, दोन पानं येत आणि रोप पिवळं पडून मरे. सोबतीचे धागे कॅल्शियम वेचत ते आपल्या झाडासाठी. झाड जेवढं मोठं, तेवढं त्याचं जाळं दूरवर. इवल्या रोपाच्या वाट्याला काही उरत नसे. देवराईच्या उत्तर टोकाला, झऱ्यापाशी, शाल्मलीनं तुलनेसाठी एक तुकडा सोबतीशिवाय सोडला होता. तिथली निम्मी झाडं वाळून पडली होती. पण पडलेले ओंडके कुजून त्यांच्यातलं कॅल्शियम मातीत परतलं होतं, वरून ऊन आलं होतं, आणि त्या ओंडक्यांच्या कडेनं अंजनीची आणि पारजांभळाची गुडघाभर उंचीची रोपं उभी होती. गेल्या पावसाळ्यात तिला तिथं एक गोगलगाय दिसली होती, हरभऱ्याएवढी, पातळ पण पुऱ्या शंखाची. शंखालाही कॅल्शियमच लागतं. शाल्मली तिथं ओल्यात बसून तिच्याकडे बघत राहिली होती. ते सांगायला जवळ कुणी नव्हतं. कौस्तुभला फोन करावा असं तिच्या मनात आलं होतं, पण मग गोगलगायीमागोमाग बाकीचंही बोलावं लागलं असतं.

बाकीचं म्हणजे कायदा. घाटमाथ्याच्या जंगलाचा हरित निर्देशांक ठरावीक पातळीखाली घसरला, तर खालच्या भट्ट्यांनी धूर धुणारे मनोरे बांधायचे, नाहीतर भट्ट्या बंद करायच्या. निर्देशांक उपग्रह मोजत असे आणि त्याला वरून फक्त शेंडे दिसत. शेंडे हिरवे होते, म्हणून मनोरे बांधले गेले नाहीत. सोबत पेरायचा खर्च भट्ट्यांचे मालक आनंदानं देत होते.

आणखी एक वर्ष बघू, असं ती तीन वर्षं म्हणत आली होती.

संध्याकाळी कौस्तुभचा फोन आला. पडद्यावर त्याच्या मागे पुण्याच्या घराची बाल्कनी दिसत होती. तिच्या कुंड्यांसाठी म्हणून त्यानं ती मोठी करून घेतली होती, आणि तिथं अजून एकही कुंडी नव्हती. तो मंत्रालयातल्या दोन अधिकाऱ्यांना घेऊन कौलाला येणार होता. सगळ्या घाटमाथ्यावर सोबत पेरायची मंजुरी जवळजवळ झाली होती. सर्वांत जुनी जागा भेकरवाडीची, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञानं समोर उभं राहून हो म्हणायचं, एवढंच बाकी होतं.

शाल्मलीनं रोपांचा विषय काढला. त्याला माहीत होतं. मागच्याच वर्षी तिनं त्याला आकडे दाखवले होते आणि त्यानं ‘रोपांचं नंतर बघू’ म्हटलं होतं.

“शाल्, झाडं जिवंत आहेत,” तो म्हणाला. “तू थांबवलंस तर मनोरे बांधून हवा सुधारेपर्यंत निम्मी देवराई वाळेल. दोन-दोनशे वर्षांची झाडं. ती तुझ्या नावावर जातील. झेपेल तुला?”

शाल्मलीनं फोन दुसऱ्या हातात घेतला.

“आणि स्टेशन बंद होईल. तिथं कशासाठी राहशील मग? इथं तरी येशील का, तेही मला ठाऊक नाही.” मग आवाज हलका करून तो म्हणाला, “देवी हो म्हणतेय ना? तिच्यापेक्षा जास्त कळतं का तुला?”

फोन ठेवल्यावर तिनं सुगंधाच्या मसाल्याची आमटी केली. आमटी नुसती तिखट लागली.

तिसऱ्या दिवशी ती रावजीकडे गेली. तो ओटीवर बसून कोयत्याला धार लावत होता. तिनं जरा देवराईत येता का, म्हणून विचारलं. देवीपाशी आल्यावर तिनं त्याला दोन्ही अंगं हात लावून बघायला सांगितलं, आणि मग धुक्याचं, दगडफुलाचं, पाकळ्यांचं सगळं सांगितलं. आपण पाकळ्या लावून पाहिल्या, हेही सांगितलं. तो रागावेल असं तिला वाटलं होतं.

रावजीनं उजव्या अंगावरून तळवा फिरवला, वरून खाली आणि पुन्हा वर. लहानपणापासून रोज तो तिच्यासमोर उभा राहत आला होता. समोरून तिच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसत, आणि पाकळी लावताना बोटाचं टोकच तेवढं दगडाला लागे.

“लुगडं फाटलंय हिचं,” तो म्हणाला. “किती वर्सं झाली आसंल?”

सात-आठ तरी, असं ती म्हणाली.

“म्हंजे तेवढी वर्सं मी धुक्याला गाऱ्हाणं घालत हुतो.” तो तिच्याकडे वळला. “आनि तुमी?”

“मीही धुक्यालाच विचारत होते, रावजीदादा.”

सोबत थांबवली तर काय होईल ते तिनं काही न लपवता सांगितलं. कुठली झाडं आधी जातील, किती वर्षं लागतील, रोपं कुठं आहेत. त्यानं ऐकून घेतलं. मग डोक्यावरची टोपी काढून हातात धरत त्यानं विचारलं, “मग आता इचारायचं कुणाला?”

परतताना दोघं एकाच वाटेनं, पण एकमेकांपासून अंतर राखून चालली.

कौलाच्या सकाळी धुकं नव्हतं. सोबतीची पोती देवराईच्या तोंडाशी रचून ठेवली होती. वाडीतली माणसं जमली होती, बायका एका बाजूला उभ्या होत्या. कौस्तुभची गाडी आली. त्यानं अधिकाऱ्यांची ओळख करून दिली, शाल्मलीच्या हातात बाकरवडीचा पुडा दिला आणि तिच्याकडे बघून हळूच म्हणाला, किती वाळलीस. त्याचे केस कानांवर पांढरे झाले होते. पडद्यावर ते दिसत नसे. पोती पेरली की चार दिवस तरी खाली ये, तो म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणत होता. त्याचा हात हातात घ्यावा असं तिला फार वाटलं. पुडा सावरत ती तशीच उभी राहिली.

रावजीनं ताम्हन घेतलं. पाकळ्या भिजवल्या. नेहमीसारखा तो देवीसमोर वाकला आणि माणसं गप्प झाली. पण त्यानं पाकळ्या लावल्या नाहीत. तो तसाच वाकलेला राहिला, मग सरळ झाला आणि लोकांकडे वळला.

“देवीचं अंग सोललंय,” तो म्हणाला. “म्या हात लावून बघितलंय. तिच्या उजव्या-डाव्याला आता अर्थ न्हाई. लुगडं परत येईपत्तुर मी तिला काय इचारनार न्हाई.”

कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, मग पोत्यांचं काय करायचं? एका अधिकाऱ्यानं कौस्तुभकडे पाहिलं. कौस्तुभनं हसून खांदे उडवले.

रावजी ताम्हन घेऊन शाल्मलीसमोर आला. तिच्या पायांपासून हातभर अंतरावर त्यानं ते ठेवलं, टोपी काढली आणि हात जोडले. ती मागे सरली. असं करू नका, असं तिला म्हणायचं होतं, पण त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं होतं, देवीला घालतो त्याच संथ आवाजात.

“बाई, तुमी अकरा वर्सं हितं बसून बघताय. तुमाला ठावं हाय. हितल्या झाडास्नी सोबत द्यावी का न द्यावी, उजवं-डावं काय ते सांगा. तुमी सांगाल ते वाडी ऐकंल.”

सुगंधा पदर तोंडाशी धरून बघत होती. कौस्तुभ जवळ आला आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, “सांग ना, शाल्. एक शब्द तर आहे.”

तिनं वर पाहिलं. कड्यालगतचं जांभळाचं झाड आधी जाईल. मग त्याच्या मागचे दोन हिरडे, मग जिच्या सावलीत बसून ती रोज डबा खाई ती अंजनी. शेंड्यापासून सुरुवात होईल. उपग्रहाला ते दुसऱ्या वर्षी दिसेल, तिला मात्र रोज दिसेल, उपकरणं नेलेल्या त्या खोल्यांच्या दारातून, आणि तिच्या शेजारी उभं राहून बघायला कुणी नसेल. झऱ्यापाशी गुडघाभर उंचीची रोपं आहेत. त्यांच्या सावलीत बसायला वाडीतलं आज जन्मलेलं मूलही म्हातारं व्हावं लागेल.

ताम्हनातल्या पाण्यावर दोन पाकळ्या तरंगत होत्या. तिनं बाकरवडीचा पुडा कौस्तुभच्या हातात परत दिला.

“डावा,” ती म्हणाली. मागच्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून तिनं पुन्हा मोठ्यानं, प्रत्येक शब्द वेगळा करत सांगितलं, “सोबत द्यायची नाही. यंदा नाही, आणि यापुढेही नाही.”